स्नो बाइकची पुढची स्की कोणती घ्यावी? सकाळी दगडासारखा ट्रेल, दुपारी पावडर, मार्चमध्ये ओला बर्फ

बॉइझीकर_४५०

नमस्कार मंडळी, बॉइझी, आयडाहोहून लिहितोय. मायक्रॉन ह्या चिप कंपनीमुळे इथे मराठी माणसं बरीच आहेत पण बर्फावर बाइक चालवणारे माझ्या ओळखीत मी आणि एक मित्र, आणि नेमकं आमच्या दोघांचं ह्या विषयावर जमत नाहीये, म्हणून इथे विचारतो.

ज्यांना स्नो बाइक माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. साधी डर्ट बाइक घ्यायची, मागचं चाक आणि ते धरणारा स्विंगआर्म काढून तिथे स्नोमोबीलसारखा रबरी ट्रॅक बसवायचा आणि पुढचं चाक काढून फोर्कच्या खाली एकच रुंद स्की लावायची. ह्या किटमधलं मोठं नाव म्हणजे टिंबरस्लेड, ते आमच्या आयडाहोतल्याच सँडपॉइंटचं, २०१५ मध्ये स्नोमोबील बनवणाऱ्या पोलारिसने विकत घेतलं. माझ्याकडे केटीएम ४५० आहे आणि सेकंडहँड घेतलेलं १२० इंची ट्रॅकचं किट, स्की किटबरोबर आली तीच, मधोमध एकच कील (तळाची उभी पाती) असलेली.

आता अडचण सांगतो. मॅककॉलच्या वर ब्रुंडेजच्या रस्त्यावर गाडी लावून आम्ही निघतो, तिथून बर्गडॉर्फच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे जाणारा ग्रूम केलेला, म्हणजे यंत्राने दाबून सपाट केलेला ट्रेल आहे. हिवाळ्यात तिकडे गाडीचा रस्ता बंदच असतो त्यामुळे सगळी वर्दळ स्नोमोबीलची, आणि सकाळी ट्रेल रात्रभर गोठून दगड झालेला असतो, वर स्नोमोबीलच्या स्कीखालच्या कार्बाइडने (कठीण धारदार तुकड्यांनी) पाडलेले उभे चर. माझी स्की त्या चरात शिरते आणि मग ती जाईल तिकडे मी. हँडल एकदा डावीकडे हिसकतं एकदा उजवीकडे, दोन्ही हातांनी आवळून धरून मनगटं पार कामातून जातात आणि अजून खरी मजा सुरूही झालेली नसते.

ट्रेल सोडून झाडीत शिरलं की गुडघाभर पावडर, म्हणजे भुसभुशीत ताजा बर्फ, तिथे हीच स्की अगदी मस्त चालते, काही तक्रार नाही. मग फेब्रुवारी संपता संपता दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर उन्हाने वितळून परत गोठलेला पापुद्रा असतो, तिथे उताराला आडवं जाताना पुढचा भाग दरीकडे सटकतो, ते मला सगळ्यात जास्त भीतीचं वाटतं. आणि मार्चच्या दुपारी बर्फ ओला जड, त्यात स्की चिकटल्यासारखी होते.

मित्र म्हणतो मिळेल ती सगळ्यात रुंद स्की घे, सगळे प्रश्न सुटतील. मला ते पटत नाहीये पण माझ्याकडे उत्तरही नाहीये. रुंद की अरुंद? एक कील की दोन? कार्बाइड किती लांब? चांगली स्की म्हणजे काहीशे डॉलरचं काम, आणि एकाच स्कीत सगळं भागवायचंय, दर आठवड्याला स्की बदलत बसायची हौस नाही. कुणी वेगवेगळ्या बर्फात चालवलेली असेल तर सांगा प्लीज.

कॅलगरीचा_काका

अरे वा, स्नो बाइकवर मराठीत धागा बघून फार बरं वाटलं. मी कॅलगरीला असतो पण चालवायला डोंगर ओलांडून रेव्हलस्टोकच्या बाजूला जातो, तिकडे बर्फ प्रचंड आणि खोल.

तुझ्या मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं कुठलं ते नीट सांगतो. पावडरमध्ये चढताना थ्रॉटल दिला की सगळं वजन मागे ट्रॅकवर जातं, पुढची स्की नुसती बर्फावर टेकलेली असते, त्यामुळे चढावर कुठलीही स्की चालते, दोन इंच रुंदीने काही बिघडत नाही. खरी परीक्षा उतारावर. खोल बर्फात खाली येताना थ्रॉटल बंद केलास की वजन धाडकन पुढे येतं आणि अरुंद किंवा टोक कमी वळलेली स्की बर्फाखाली शिरते. ती एकदा खाली शिरली की बाइक तिथेच थांबते आणि तू हँडलवरून पुढे. तिथे रुंद स्की आणि वर चांगलं उचललेलं टोक, हे जीव वाचवतं असं मी म्हणेन.

म्हणून माझं मत रुंदच, पण दोन कीलची. एका कीलची रुंद स्की घेतलीस तर तुझा चरांचा त्रास वाढेल, कारण रुंद स्कीची कड चरात अडकली की तिला हँडल फिरवायला जास्त लांब दांडा मिळतो.

आणि एक सांगून ठेवतो, स्की कितीही चांगली असली तरी आडव्या उतारावर जायच्या आधी त्या दिवसाचा हिमस्खलनाचा अंदाज वाचायचा. तुमच्या मॅककॉलसाठी पेयेट ॲव्हलांच सेंटरचा असतो. बीकन (गाडला गेलेला माणूस शोधायचं सिग्नलचं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) अंगावर पाहिजे, बाइकला बांधलेलं नको. स्नो बाइक दाट झाडीतून आणि अरुंद घळीतून सहज जाते म्हणून माणसं अशा जागी पोचतात जिथे स्नोमोबीलवाला गेलाच नसता.

सरोवरकाठचा

मी मिशिगनचा, म्हणजे डोंगर नाहीत, ट्रेल आणि गोठलेली तळी हेच आमचं. त्यामुळे काकांच्या बरोबर उलट्या बाजूने बोलतो.

बॉइझीकर, तुम्ही जे वर्णन केलंय त्याला इकडे डार्टिंग म्हणतात आणि स्नोमोबीलवाल्यांचा हा फार जुना रोग आहे. कारण समजून घेतलं की अर्धं काम होतं. स्कीच्या खाली जी उभी पाती असते ती कील, तिच्या तळाला लोखंडी सळई असते जी झिजते, आणि त्या सळईत कार्बाइडचे तुकडे बसवलेले असतात, बर्फाला खरं चावतं ते कार्बाइड. तुमच्या पुढे गेलेल्या स्नोमोबीलने ह्याच प्रकारच्या कार्बाइडने चर पाडलेत. तुमची एकुलती एक कील त्या चरात फिट बसते आणि आगगाडीचं चाक रुळावर चालावं तशी त्याच चरातून जाते, चर वळला की तुम्ही वळलात. दोन कील असल्या की एक चरात पडली तरी दुसरी बाहेरच्या सपाट बर्फावर टेकलेली असते आणि ती पहिलीला पूर्ण शिरू देत नाही. स्नोमोबीलमध्ये सुद्धा एका स्कीखाली दोन समांतर सळया लावायचा उपाय ह्यासाठीच आला.

दोन कीलची स्की म्हटली की सिमन्सची फ्लेक्सी-स्की हे नाव पहिलं निघतं, आधी ती स्नोमोबीलवाल्यांची, आता स्नो बाइकवालेही वापरतात. दोन्ही कीलच्या मधे बोगद्यासारखी खाच आहे, त्यात मऊ बर्फ दाबला जातो आणि स्कीला पकड मिळते. चरांवर हिचा फरक पहिल्या मैलातच कळतो. पण हँडल थोडं जड होतं, ते मान्य करून घ्यायचं.

कार्बाइडबद्दल: लांब कार्बाइड म्हणजे कडक बर्फावर आणि आइसवर जास्त चावा, पण तितकंच हँडल जड आणि तितकंच डार्टिंगही जास्त. आम्हाला तळ्यावर लांब लागतं कारण खाली निव्वळ आइस, तुम्हाला डोंगरात चार किंवा सहा इंची पुरेल असं माझं मत. आणि नवीन स्की घ्यायच्या आधी आत्ता जी सळई आहे ती उलटी करून बघा. कार्बाइडची धार बोटाला लागते का? गोल गुळगुळीत झाली असेल तर तुमचं आडव्या उतारावरचं घसरणं तिथूनच सुरू होतंय. सेकंडहँड किटमध्ये आधीच्या मालकाने पार्किंगच्या डांबरावरून आणि रस्ता ओलांडताना खडीवरून घासत नेलेली असते, त्यात कार्बाइडचे तुकडेच उडून जातात.

नेहमीचा_वाचक

विषयातलं काही कळत नाही पण वाचतोय, फार इंटरेस्टिंग आहे. एक बाळबोध प्रश्न: पुढे एकच स्की, मग तोल कसा सांभाळता? आम्ही गुलमर्गला स्नोमोबीलवर बसलो होतो तिला पुढे दोन होत्या.

बॉइझीकर_४५०

@नेहमीचा_वाचक, बाळबोध अजिबात नाही. ट्रॅक अरुंद असतो, त्यामुळे ही बाइकसारखीच झुकवून चालवायची, वळणात आत झुकायचं. थांबलात तर पाय टेकायचा, फक्त खोल बर्फात पाय टेकायला खाली काही नसतं. स्नोमोबीलची सवय असलेल्यांपेक्षा डर्ट बाइकवाले लवकर शिकतात. २०१७ साली ॲस्पनच्या एक्स गेम्समध्ये स्नो बाइकची शर्यत पहिल्यांदा झाली, ती कॅनडाच्या ब्रॉक हॉयरने जिंकली, तिचे व्हिडिओ बघा म्हणजे झुकवणं काय असतं ते दिसेल.

@सरोवरकाठचा, आत्ता गॅरेजमध्ये जाऊन बघून आलो. मागच्या टोकाचे दोन तुकडे गायब आहेत आणि बाकीच्यांवरून बोट फिरवलं तर काहीच लागत नाही, अगदी गोल. म्हणजे कार्बाइड बदलायचंच, ते ठरलं. पण पापुद्र्यावर घसरायला तेवढंच कारण असेल का? कारण ते घसरणं मला कार्बाइडपेक्षा वेगळं काहीतरी वाटतं, बाइक झुकवली की मगच सुरू होतं, सरळ असताना नाही.

बर्फवेडी

बॉइझीकर, तुमचं निरीक्षण अगदी नेमकं आहे आणि उत्तर त्यातच आहे. मी सॉल्ट लेक सिटीला असते, वासॅच आणि युइंटा ह्या दोन्ही डोंगररांगांत चालवते. आमची पावडर कोरडी हलकी म्हणून प्रसिद्ध आहे पण उन्हाचा पापुद्रा आम्हालाही चुकत नाही.

आडव्या उतारावर जाताना तुम्ही बाइक डोंगराच्या बाजूला झुकवता, बरोबर? बाइक झुकली की तिच्याबरोबर स्कीही झुकते, कारण ती बाजूला स्वतंत्र हलत नाही, फक्त पुढेमागे डोलते. मऊ बर्फात ह्याने काही बिघडत नाही, उलट स्कीची डोंगराकडची कड बर्फात रुतते आणि छान पकड मिळते. पण वर कडक पापुद्रा असेल तर कड आत जातच नाही, ती पापुद्र्यावर टेकून राहते, आणि मधोमध असलेली कील जमिनीपासून उचलली जाते. म्हणजे नेमकं जेव्हा कार्बाइड पाहिजे तेव्हा ते हवेत, आणि सगळा भार प्लॅस्टिकच्या गोलसर कडेवर. सटकणारच. नवीन कार्बाइड लावलंत तरी झुकवल्यावर ते टेकणारच नसेल तर उपयोग मर्यादितच.

दोन कीलच्या स्कीत कील मधोमध नसून बाहेरच्या बाजूंना असतात. झुकवलं की डोंगराकडची कील बरोबर खाली येते आणि तिचं कार्बाइड पापुद्र्यात घुसतं. हा फरक मी स्वतः अनुभवलाय आणि कागदावर वाचून त्याचा अंदाज येत नाही. पूर्वी ज्या उतारावरून मी श्वास रोखून जायचे तिथे आता नजर पुढच्या झाडावर ठेवून जाते. म्हणून स्की बघताना नुसती रुंदी विचारू नका, दोन कीलमधलं अंतर किती आणि त्या कडेच्या किती जवळ आहेत ते बघा. काही स्की दोन कीलच्या म्हणून विकल्या जातात पण दोन्ही मधेच एकमेकींना चिकटून, त्यांचा चरांवर उपयोग होईल पण आडव्या उतारावर नाही.

आता मूळ प्रश्न, एकच स्की सगळ्यासाठी. माझं ठाम मत सांगते: स्की कडक बर्फासाठी निवडा, पावडरसाठी नको. पावडरमध्ये आजची कुठलीही बऱ्यापैकी रुंद स्की तरंगते, तिथे चांगली आणि ठीकठाक ह्यातला फरक म्हणजे मजा थोडी कमी-जास्त. कडक ट्रेलवर आणि पापुद्र्यावर मात्र चुकीच्या स्कीने माणूस पडतो, तेही खाली झाडं असलेल्या उतारावर. आणि कुठल्याही दिवसाचा विचार करा, पावडरपर्यंत पोचायला सकाळचा गोठलेला ट्रेल लागतोच आणि परत यायला संध्याकाळचा, स्नोमोबीलने वूप्स (एकामागोमाग उंचवटे) पाडलेला. त्यात तुमचे हात संपले तर पावडरमध्ये करणार काय?

ओल्या बर्फाचं थोडक्यात. तिथे रुंद सपाट तळ चिकटतो हे खरं आहे, त्यावर स्की बदलणे हा उपाय नाही. तळ उलटा करून बघा, खडीवरून ओरखडे पडून प्लॅस्टिकचे तंतू उभे राहिले असतील तर ते स्क्रेपरने तासून गुळगुळीत करा, बराच फरक पडतो. आणि जेवायला थांबलात की स्की ओल्या बर्फात तशीच सोडू नका, सावलीत ती खाली चिकटून गोठते. निघताना हँडल डावी-उजवीकडे हलवून ती मोकळी करा, मगच थ्रॉटल.

सह्याद्री_एन्ड्युरो

पुण्याहून. मी बर्फावर चालवलेलं नाही, आमचं सगळं मुरूम, चिखल आणि दगड, पण फोर्क आणि सस्पेन्शनचं काम रोजचं आहे म्हणून त्या बाजूचं बोलतो, कारण वर सगळे स्कीबद्दल बोलताहेत आणि स्की ज्याला लावलीये त्याबद्दल कुणीच नाही.

हँडल हिसकतंय म्हटल्यावर मी पहिला प्रश्न विचारतो की पुढे वजन किती आहे. चाक असो नाहीतर स्की, पुढचा भाग खाली बसलेला असेल तर कुठलाही चर त्याला पकडणार. चाक जाऊन स्की आली, मागे जड ट्रॅक आला, पण फोर्कच्या स्प्रिंग त्याच कंपनीच्या, मोटोक्रॉससाठी काढलेल्या. तुम्ही अंगावर सगळं सामान, पाठीवर बॅग घेऊन उभे राहा आणि कुणाला तरी फोर्क किती बसतो ते मोजायला सांगा. जास्त बसत असेल तर आधी स्प्रिंग, मग स्की. किटच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये लिमिटर स्ट्रॅप असेल तर तो कुठल्या भोकात आहे तेही बघा, आखडला तर वजन पुढे स्कीवर येतं, सैल सोडला तर स्की हलकी होते. हे बदलायला पाना सोडून काही लागत नाही, आणि सेकंडहँड किटमध्ये ते आधीच्या मालकाच्या वजनाप्रमाणे लावलेलं असणार.

दुसरं, बाइक सरळ का चालते? कारण हँडलचा अक्ष खाली वाढवला तर तो जमिनीला जिथे भेटतो त्याच्या थोडं मागे चाक टेकतं, त्यामुळे चाक कायम मागे ओढलं जातं आणि सरळ राहतं. चाकाला टेकायची जागा एकच, स्की मात्र लांबच लांब, तिचा भार पुढच्या अर्ध्यावर पडला की हा सरळ राहायचा गुण जातो आणि टोक चर शोधत फिरतं. भार मागच्या अर्ध्यावर असला की ती शांत. हे ठरवतं ते स्पिंडल (फोर्कला स्की जोडणारा भाग) आणि स्कीच्या मधलं रबर. ते झिजून मऊ झालं असेल तर स्की मनाला येईल तशी डोलते. आधी नवीन रबर टाका. त्यानेही भागलं नाही तर रबराच्या मागच्या भागाखाली पातळ पट्टी घालून टाच किंचित खाली दाबा, म्हणजे कीलचा मागचा भाग जास्त टेकेल. मात्र पट्टी पातळच ठेवा, टाच फार दाबली तर वळताना स्की ऐकणार नाही.

आणि हेड बेअरिंग, स्पिंडलचा बुश, ॲक्सल ह्यात खेळ आहे का बघा. बाइक स्टँडवर घेऊन स्कीचं टोक धरून आडवं हलवायचं. हँडल न हलता टोक हललं तर चांगल्यात चांगली स्की लावून काहीही होणार नाही.

कॅलगरीचा_काका

पुणेकरांनी सोन्यासारखं लिहिलंय. रबराचं तर अगदी खरं, थंडीत ते कडक होतं आणि उन्हाळ्यात गॅरेजमध्ये चिरतं, आणि काळं असल्यामुळे चिरा दिसतही नाहीत, वाकवून बघितल्यावर दिसतात.

पण बर्फवेडी ताईंच्या एका मुद्द्यावर माझं थोडं वेगळं आहे. कडक बर्फासाठी निवडा हे आयडाहो-युटासाठी ठीक असेल, आमच्याकडे एका रात्रीत इतका पडतो की सकाळी ट्रेलच सापडत नाही. तिथे खूप खोल कीलची स्की घेतली तर झाडांमध्ये हळू वळताना त्रास होतो, कील रुतून बसते आणि हँडल वळवलं तरी स्की सरळच जाते. त्यामुळे दोन कील हो, कडेला हो, पण मध्यम खोल. शर्यतीसाठी काढलेल्या अरुंद आणि खोल कीलच्या स्की असतात, त्या दिसायला झकास आणि ट्रेलवर भन्नाट, पण डोंगरात नेऊ नका.

बर्फवेडी

काका, मध्यम खोल कील ह्याला माझी काहीच हरकत नाही, मी वापरते तीही तशीच आहे. माझा आक्षेप फक्त "मिळेल ती सगळ्यात रुंद" ह्या सल्ल्याला होता. आणि उतारावर टोक शिरण्याचं तुम्ही लिहिलंत ते स्की निवडताना मीही बघते, पण त्यात रुंदीपेक्षा टोकाचं वळण आणि ते किती लवचिक आहे ह्यावर जास्त अवलंबून असतं. टोक हाताने दाबून बघायचं, अजिबात वाकत नसेल तर ते वूप्सवर प्रत्येक धक्का हँडलपर्यंत आणणार, आणि फार लिबलिबीत असेल तर खोल बर्फात ते खाली दुमडतं.

सरोवरकाठचा

ह्यावर +१. आणि बॉइझीकर, स्टीअरिंग डॅम्पर आहे का बाइकला? नसेल तर त्याचाही विचार करा, चरांचे झटके तो बरेच खातो. फक्त डॅम्पर लावून खालचा दोष झाकू नका, आधी पुणेकरांनी सांगितलं ते सगळं करा, मग डॅम्पर.

अजून एक, कडक ट्रेलवर जास्त मैल करता तर मागे स्क्रॅचर (ट्रेल खरवडून ट्रॅकवर बर्फ उडवणाऱ्या तारा) लावलेत ना? ट्रॅक ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर सरकतो त्या हायफॅक्सना ओलावा लागतो, कडक ट्रेलवर बर्फ उडत नाही आणि त्या तापून वितळतात. स्कीच्या विषयाबाहेरचं आहे पण तुमच्या ट्रेलचं वर्णन वाचून राहवलं नाही.

बॉइझीकर_४५०

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. स्क्रॅचर आहेत, डॅम्पर नाही.

शनिवारी मित्राला बोलावून पुणेकरांनी सांगितलेली तपासणी केली. स्कीचं टोक आडवं हलवलं तर हँडल जागेवर आणि टोक हललं, म्हणजे स्पिंडलचा बुश गेलेला आहे. रबर वाकवून बघितलं तर मागच्या बाजूला आडवी चीर, नख आत जाईल एवढी. लिमिटर स्ट्रॅप सगळ्यात आखडलेल्या भोकात होता, आधीचा मालक माझ्यापेक्षा बराच वजनदार होता आणि मागे जास्त बसत असेल म्हणून त्याने तसं केलं असावं.

आता क्रम असा ठरवलाय: बुश आणि रबर नवीन, स्ट्रॅप एक भोक सैल, आणि जुन्याच स्कीला नवीन सहा इंची कार्बाइड. असं करून एक वीकेंड त्याच ट्रेलवर जाणार आणि बघणार की चरांचा त्रास किती उरतो. पण आडव्या उतारावरच्या घसरण्याचं कारण बर्फवेडी ताईंनी सांगितल्यावर एक कील ठेवायची इच्छाच राहिली नाही, त्यामुळे दोन कीलची, मध्यम खोल, कील कडेजवळ असलेली स्की घेणार हे नक्की. मित्रालाही पटलंय, तो स्वतःसाठीही तीच बघतोय.

शेवटचा प्रश्न, कार्बाइडची सळई घट्ट किती करायची? वरून नट येतात ते आवळताना प्लॅस्टिक आत दबतंय असं वाटतं, आणि सैल ठेवायची भीती वाटते.

सरोवरकाठचा

प्लॅस्टिक दबेपर्यंत आवळू नका. सळईचं पुढचं टोक आधी स्कीच्या भोकात नीट बसवायचं, मग सगळे नट हाताने लावून मधल्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे आवळत जायचं, सळई कीलला सगळीकडे चिकटली आणि वॉशर जागेवरून फिरेनासा झाला की बास. नट आतून नायलॉन असलेले लॉकनट वापरा, जुने परत लावू नका. पहिल्या राइडनंतर पाना घेऊन परत एकदा बघा, प्लॅस्टिक थोडं बसतं आणि नट सैल होतात. दोन कीलची स्की घेतलीत की हेच दोन्ही बाजूंना, आणि दोन्ही सळया एकाच वेळी बदलायच्या, एक नवीन एक झिजलेली असं ठेवलं तर बाइक एका बाजूला ओढते.

सह्याद्री_एन्ड्युरो

आणि बुश बदलताना ॲक्सल सरळ आहे का तेही बघून घ्या, काचेवर लोळवला की लगेच कळतं. वाकलेल्या ॲक्सलवर नवीन बुश लवकरच पुन्हा जाईल.